पाठीमागची बाग

पडदा वर जातो तेव्हा समोर एक फाटक आहे. बांबूचं, जुनं, पण दोरी नुकतीच नवी बांधलेली. फाटकामागे बाग, बागेमागे घरांची छपरं, आणि छपरांमागे तो उंच मनोरा. तोक्योच्या या पूर्वेकडच्या पेठेत कुठेही उभे राहा, तो कुणाच्या तरी डोक्यावरून डोकावत असतोच. सप्टेंबर महिना. कॅलेंडरात शरद लागलाय, पण उकाड्याला कॅलेंडर वाचता येत नाही. झाडांवर किडे किरकिरताहेत. डाव्या अंगाला तिकिटाची खिडकी, उजव्या अंगाला एक लाकडी मेज. मेजावर रबरी शिक्का आणि शाईची डबी, दोन्ही दोरीने बांधून ठेवलेली. आणि मधोमध, हातात छोटासा पिवळा झेंडा धरून आणि पांढरे हातमोजे घालून उभ्या आहेत तोयोको मिझुशिमा.

तोयोकोबाईंनी पंचाहत्तरी ओलांडली होती. दर शनिवारी सकाळी त्या पेठ बघायला आलेल्या पाहुण्यांना फिरवून आणायच्या. आधी ही बाग, मग जुन्या साबण कारखान्याच्या जागेवर झालेलं उद्यान, आणि शेवटी गल्लीतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत थाटलेलं नेझूंचं मिठाईच्या साच्यांचं संग्रहालय. काम बिनपगारी, हौशी मार्गदर्शक मंडळाचं. हौस केव्हाच आटली होती, झेंडा तेवढा हातात राहिला होता.

त्या दिवशी पाहुणे बेताचेच होते. एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं, टोप्या घातलेल्या तीन मैत्रिणी आणि सेंदाईहून आलेली एक धिप्पाड बाई. सगळ्यांच्या गळ्यात पेठेच्या फेरीची कार्डं लटकत होती. प्रत्येक ठिकाणी शिक्का मारायचा, सगळ्या चौकटी भरल्या की मंडळाच्या कचेरीतून एक हातरुमाल बक्षीस. तोयोकोबाईंनी वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं, आणि बागेच्या इतिहासाला हात घालणार तोच टोपीवाल्यांपैकी एकीने विचारलं, "शिक्का कुठाय हो?"

हा प्रश्न तोयोकोबाईंना इतका पाठ होता की त्यांनी न बघताच झेंडा उजवीकडे केला.

तरुणपणी त्या प्रवासी बसवर मार्गदर्शक होत्या. निळी टोपी, हातमोजे, गळ्याशी ध्वनिक्षेपक, आणि पाठ चालकाकडे. बसमधली मार्गदर्शक पुढे बघत नाही, ती प्रवाशांकडे बघते. खिडकीतून देऊळ गेलं, समुद्र गेला, फुजीचा डोंगर गेला, तरी तिने ओळखायचं ते प्रवाशांच्या चेहऱ्यांवरून. चेहरे उजळले की समजायचं, डोंगर दिसला. ढग असले तर चेहरे पडायचे, आणि मग तोयोकोबाई गाणं म्हणायच्या. आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेले आजोबासुद्धा टाळ्या वाजवायचे. लग्न झालं, बस सुटली, पण सवय सुटली नाही. नवरा म्हणायचा, "तू मला घरातसुद्धा डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे न्हाणीघर असं दाखवतेस." तो गेल्यावर घरात दाखवायला कुणी उरलं नाही, म्हणून त्या मंडळात गेल्या.

पेठेतही त्या उलटंच चालायच्या, पाहुण्यांकडे तोंड आणि वाटेकडे पाठ. बागेतल्या बांबूच्या लांब कमानीवर हागीची झुडपं चढवलेली आहेत. या दिवसांत बारीक जांभळ्या फुलांनी कमान आतून भरून येते आणि माणसं बोगद्यातून गेल्यासारखी तिच्यातून जातात. तोयोकोबाई त्या बोगद्यातून कितीदा गेल्या असतील, पण दरवेळी पाठमोऱ्या. फुलं कशी आली आहेत ते त्या आजही चेहऱ्यांवरूनच ओळखायच्या. त्या दिवशी चेहऱ्यांवर मुख्यतः घाम होता.

त्यांनी ठरवलं होतं की आज नेझूंना सांगायचं. झेंडा खाली ठेवायचाय, एवढं एकच वाक्य. गुडघे संध्याकाळपर्यंत फुगतात, आवाज बागेतच बसतो, शुक्रवारची रात्र झाली की उद्याच्या विचाराने जेवण जात नाही. हे वाक्य त्या दोन हिवाळ्यांपासून तयार ठेवून होत्या. एखादं पात्र विंगेत उभं राहतं, संकेत येतो, आणि पाय हलत नाहीत, तशी गत झाली होती.

कारण होते नेझू.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मंडळाचं वर्षअखेरचं जेवण होतं. उकळत्या भांड्यातून मासे आणि कोबी वाढता वाढता चिटणीस सहज म्हणाले होते की पेठेतली घरगुती संग्रहालयं आता ओस पडत चालली, जिथे माणसं फिरकत नाहीत तिथली मान्यतेची पाटी नगरपालिका काढून नेणार. नेझूंकडे शनिवारचे पाहुणे सोडले तर चिटपाखरू जात नाही, हे तोयोकोबाईंना ठाऊक होतं. त्याच जेवणात त्या राजीनामा देणार होत्या. त्यांनी तो कोबीबरोबर गिळला.

नेझूंना विचारायचं, तर कसं विचारणार? विचारलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. "मी थांबले तर चालेल का," म्हटलं की ते "छे छे, खुशाल थांबा" म्हणणार आणि रात्रभर जागणार. अशा संकटात दुसऱ्याला घालू नये, हे या पेठेत मुलं चालायला शिकतात तेव्हाच शिकतात. म्हणून त्या विचारत नव्हत्या, येत होत्या.

उद्यानात सगळे पाण्याच्या हापशापाशी थांबले. नवरदेवाने हापसा हलवला, बायकोने तोंड धुतलं, टोपीवाल्यांनी शिक्का मारला. तोयोकोबाई कारखान्याच्या चिमणीबद्दल सांगत होत्या. चिमणी आता नाही, तिच्या जागी घसरगुंडी आहे. सेंदाईच्या बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बसा ना जरा. चिमणी नाहीतरी आता कुठे जातेय?"

बसल्या असत्या तर उठल्या नसत्या. त्या हसल्या आणि झेंडा वर करून चालू लागल्या.

नेझूंचं घर गल्लीच्या टोकाला. पुढची खोली पूर्वी कारखाना होती, आता संग्रहालय. भिंतीवर जमिनीपासून आढ्यापर्यंत मिठाईचे लाकडी साचे मांडलेले. लग्नातला मासा, श्राद्धाचं कमळ, बारशाचं कासव, सगळं चेरीच्या कठीण लाकडात उलटं कोरलेलं, खोलगट. ऐंशी ओलांडलेले इवाओ नेझू आयुष्यभर हेच कोरत आले. मिठाईवाले कमी झाले, मग प्लॅस्टिकचे साचे आले, आणि मग एक दिवस नगरपालिकेची माणसं येऊन म्हणाली की तुमचं हे सगळं बघण्यासारखं आहे. बघण्यासारखं झालं, म्हणजे वापरण्यासारखं राहिलं नाही, हे नेझूंना लगेच कळलं होतं. तरी त्यांनी निळी पाटी लावून घेतली.

दर शनिवारी ते निळा अंगरखा चढवायचे, पाहुण्यांसाठी सपाता ओळीने मांडायचे आणि एक मासा पाडून दाखवायचे. ओलसर बारीक साखर साच्यात दाबायची, वरून सपाट करायची, साचा पालथा धरून कडेला लाकडी हातोडीचा एकच ठोका. टक. आणि हातावर अख्खा मासा, खवल्यांसकट. पाहुणे "ओहो" म्हणायचे. मग थंड जवाचा चहा, आणि माशाचा तुकडा तुकडा सगळ्यांना.

त्या दिवशी दारात नेझूंची मुलगी मासाए उभी होती. ती चिबाला सासरी असते, शनिवारी येते ती सहसा दुपारी. आज सकाळीच आली होती आणि चांगले कपडे घालून आली होती. पाहुणे सपातांत पाय घालत असताना तिने तोयोकोबाईंना मागच्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि दोन्ही हातांनी एक डबा पुढे केला. कापडात बांधलेला, त्याच्यावर नामांकित मिठाईवाल्याचा कागद.

तोयोकोबाईंनी डबा घेतला. डबा जड होता. या पेठेत माणूस मिठाई घेऊन येतो तेव्हा पुढे येणारं बोलणं किती अवघड आहे ते डब्याच्या वजनावरून कळतं. हलका डबा म्हणजे आमच्या घरी सुताराची ठाकठूक होणार आहे, सांभाळून घ्या. मध्यम डबा म्हणजे आमच्या मुलाने तुमची काच फोडली. इतका जड डबा त्यांना यापूर्वी एकदाच मिळाला होता, शेजारच्यांनी दुकान विकलं तेव्हा.

मासाए उकाड्याबद्दल बोलली. मग येणाऱ्या वादळाबद्दल. मग वडिलांच्या जेवणाबद्दल, की हल्ली वाटीभर भातही संपत नाही. तोयोकोबाई प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिल्या. मग मासाए म्हणाली की डॉक्टरांनी उजव्या हाताला विश्रांती सांगितली आहे, बोटं वळत नाहीत, शुक्रवारी रात्री ते हात गरम पाण्यात घालून बसतात, कारण दुसऱ्या दिवशी मासा पाडायचा असतो.

"मिझुशिमा-सान, तुमचे फार उपकार आहेत," ती म्हणाली. "बाबा नेहमी म्हणतात, त्या बाई इतक्या उन्हातान्हाच्या माणसं घेऊन येतात, त्यांच्यासाठी तरी दार उघडं ठेवलं पाहिजे."

तोयोकोबाईंनी ते आधी कौतुक म्हणून ऐकलं आणि सवयीने नमस्कार केला. वाकलेल्या असतानाच त्यांना ते दुसऱ्यांदा ऐकू आलं.

"माझ्यासाठी?"

"चिटणीस म्हणाले होते ना. शेवटचं ठिकाण गेलं तर शनिवारची फेरीच बंद होईल. मग मिझुशिमा-सान काय करणार? घरी एकट्या. बाबा म्हणाले, तसं होता कामा नये."

तोयोकोबाई तांदळाच्या पिंपावर बसल्या. बसू का म्हणून विचारलंसुद्धा नाही. पुढच्या खोलीतून टक असा आवाज आला. त्या थांबल्या. पुन्हा टक. मग पुन्हा. इतक्या वर्षांत त्यांनी त्या खोलीतून एका माशाला दुसरा ठोका ऐकला नव्हता.

"मी त्यांच्यासाठी येत होते," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांची पाटी जाऊ नये म्हणून."

मासाएने तोंडावर हात ठेवला. हसू होतं की रडू, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाहेर मासा पडला होता, पण शेपटी साच्यातच राहिली होती. नेझू साचा हातात धरून पाहुण्यांना पुन्हा पुन्हा वाकून नमस्कार करत होते. अंगरख्याची बाही साखरेने भरली होती. अशा वेळी प्रवेश सावरून घेणं हे तोयोकोबाईंचं काम. बस चिखलात रुतली तरी त्या प्रवाशांना म्हणायच्या, चला, या निमित्ताने भातशेती जवळून बघू. त्या खोलीत आल्या, झेंडा उचलला, "पाहुणेहो" म्हणाल्या, आणि पुढे काहीच आलं नाही. शब्द संपले होते. टोपीवाल्या शिक्क्याच्या मेजाकडे बघू लागल्या.

सेंदाईच्या बाईने पुढे होऊन साच्यातली शेपटी नखाने काढली आणि तोंडात टाकली. "गोड तेवढीच आहे," ती म्हणाली, आणि उरलेला मासा तिनेच तोडून सगळ्यांना वाटला.

पाहुणे गेले. कार्डांच्या चौकटी भरल्या होत्या, दुपारची गाडी गाठायची होती. मासाए कपबशा घेऊन आत गेली आणि तिने मुद्दाम नळ मोठा सोडला. नेझू मांडीवर हात ठेवून बसले. उजवा हात डाव्या हाताखाली लपवलेला. त्यांनी तोयोकोबाईंची माफी मागितली, चारचौघांत तुमची फजिती केली म्हणाले. पुढच्या शनिवारी लहान मासा करीन, कासव करीन, कासवाला शेपटी नावालाच असते.

तोयोकोबाईंनी हातमोजे काढले. एक, मग दुसरा. नेझूंनी त्यांचे हात पहिल्यांदाच उघडे पाहिले असतील.

"नेझू-सान," त्या म्हणाल्या, "मी दमलेय."

नेझूंनी जवाचा चहा ओतला. डाव्या हाताने, त्यामुळे थोडा मेजावर सांडला. सांडलेला बाहीने पुसला. एवढं सगळं झाल्यावर म्हणाले, "मीही."

"केव्हापासून?"

"मागच्याच्या मागच्या हिवाळ्यापासून."

"जेवण होतं तेव्हापासून?"

"मी जेवणाला नव्हतो. चिटणीस दुसऱ्या दिवशी इथे येऊन बोलले."

"बोलला का नाहीत मग?"

"तुम्ही कोपऱ्यावरून झेंडा नाचवत यायचात. केवढा तो उत्साह. अशा माणसाला काय सांगायचं?"

"तो उत्साह बसवाल्यांनी शिकवलेला आहे," तोयोकोबाई म्हणाल्या. "आतून काही नसलं तरी चालतो. तुम्ही दारात अंगरखा घालून सलामीला उभे असायचात, त्याचं काय?"

"अंगरखा मासाएने इस्त्री करून ठेवलेला असतो. घातला नाही तर ती विचारते बरं वाटत नाही का."

दोघं हसली असती तर बरं झालं असतं, पण हसायलाही जोर लागतो. मासाएने आणलेला जड डबा तोयोकोबाईंनी मेजावर ठेवून उघडला. आत साखरेचीच मिठाई होती, शरदातली पानं, कडा एकदम धारदार. नेझूंनी एक पान उचललं, उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. "प्लॅस्टिक," ते म्हणाले आणि खाल्लं.

पुढचं सगळं फार लवकर झालं. इतकं लवकर, की दोघांनाही थोडं वाईट वाटलं असावं. तोयोकोबाईंनी झेंडा धुऊन, घडी करून मंडळात दिला. चिटणीस म्हणाले, अरेरे, आता कसं होणार, आणि पुढच्याच आठवड्यापासून फेरी नदीकाठच्या एका कॉफीच्या दुकानात संपू लागली. तिथे शिक्का ठेवला, गारवा होता, लोकांना आवडलं. नेझूंकडे नगरपालिकेची दोन माणसं आली, त्यांनी चार स्क्रू काढले, निळी पाटी बगलेत मारली, चहा नको म्हणाली. भिंतीवर पाटीच्या आकाराचा एक उजळ चौकोन राहिला. मासाएने साचे वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले, तेव्हा नेझूंनी लग्नाचा मासा तेवढा काढून घेतला आणि उशाशी ठेवला.

पहिल्या मोकळ्या शनिवारी तोयोकोबाई नेहमीच्याच वेळी उठल्या. गुडघे दुखत होते, झेंडा नसला तरी. भात खाल्ला, भांडी घासली, खुर्चीत बसल्या. याच विश्रांतीची त्या वाट बघत होत्या आणि ती येऊन समोर बसली होती, काही न बोलता. थोड्या वेळाने त्या उठून बाहेर पडल्या. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, पण पायांनी ठरवलेलं होतं.

फाटकापाशी नेझू उभे होते. साधा सदरा, डोक्यावर कापडी टोपी. अंगरख्याशिवाय ते भलतेच लहान दिसत होते, नाटक सुटल्यावर मागच्या दाराने बाहेर पडणाऱ्या राजासारखे. डास चावत होते, ते मान खाजवत होते. दवाखान्यातून परत जाताना सहज थांबलो, म्हणाले. शनिवारी दवाखाना त्या दिशेला नाही, हे तोयोकोबाईंना माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही.

"आत गेलायत कधी?" एवढंच विचारलं.

नेझू लहानपणी गेले होते, मग लग्न ठरवायला गेले होते. त्यानंतर शनिवार नाही तर रविवार, काहीतरी असायचंच. हागी त्यांनी साच्यात कितीदा कोरली होती, पण चित्र बघून.

त्यांनी तिकिटं काढली. शिक्क्याच्या मेजापुढून जाताना तोयोकोबाईंचा हात आपोआप वर उठला, मग खाली आला. वाट अरुंद होती, दगड ओले होते. पुढे तोंड करून चालताना त्या अडखळल्या. नेझू म्हणाले, "मी जन्मभर उलटं कोरलं, तुम्ही जन्मभर उलटं चाललात. आता सुलटं जमायचं नाही." जमेल तसं चालले. बाकं सगळी भरलेली होती, एका बाकावर कुणीतरी नुसती पिशवी ठेवली होती. बहर अजून पुरता आला नव्हता. कमान निम्मी हिरवी होती, निम्मी जांभळी, खाली थोडी फुलं सांडलेली. मागून एक घोळका येत होता, नव्या मार्गदर्शकाचा आवाज जवळ येत होता, म्हणून ते कमानीच्या मध्यावर कडेला सरून उभे राहिले.

तोयोकोबाईंनी मान वर केली. फुलांमधून ऊन बारीक बारीक होऊन खाली येत होतं. त्यांना ते माहीत नव्हतं. चेहऱ्यांवर हे कधी दिसलं नव्हतं, किंवा दिसलं असेल आणि त्यांनी ते घामात धरलं असेल.

नेझूंनी बोट दाखवून विचारलं की ते पलीकडचं पांढरं काय आहे, तीही हागीच का, आणि तिचं नाव वेगळं आहे का. तोयोकोबाईंना सगळं माहीत होतं. नाव, कुणी लावली, कोणत्या साली. सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभंसुद्धा राहिलं होतं.

"मला नका विचारू," त्या म्हणाल्या. "मी आज बघायला आलेय."